कोपऱ्यातली तारीख

सोमवार, उपास. संध्याकाळ.

सुनेचं भरतकामाचं सॉफ्टवेअर आज पुन्हा अडलं. आधी रनटाइम नावाचं काहीतरी बसवावं लागतं, तेच बसेना. परवा ब्लाउजची डिझाइनं दिली नाहीत तर ऑर्डर गेली. सकाळी बोलावलेला उल्हासनगरचा कॉम्प्युटर मेकॅनिक म्हणतो, "आजी, ये डब्बा फेक दो, माझ्याकडून नवीन घ्या."

इथेच मला शंका आली. रोज वहीत तारीख घालायची सवय, म्हणून नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तारीख सहा वर्षांपूर्वीची. विचारलं, "हे काय रे?" मग त्याने तारीख सांभाळणारा आतला सेल बदलला, तारीख सुधारली आणि रनटाइम मुकाट बसलं.

म्हणे, लक्षातच आलं नाही. माउसचा बाण तर सकाळपासून त्याच कोपऱ्यात घुटमळत होता मेल्याचा. तारीख दिसली नसेल त्याला?