सिनेमातलं कॅफे आणि माझी कोंबडी

३ ऑक्टोबर
म्हातारे, चष्मा कपाळावर आहे. आणि ही वही कशाला सुरू केलीस ते तू गुरुवारपर्यंत विसरशील, म्हणून नात वर्नेटाकडून लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही. येत असतं तर पटकथाच लिहिली असती.
आमच्या लेमच्या टीमवर सिनेमा निघतोय. लेम माझा धाकटा भाऊ, १९५८ साली गोऱ्यांच्या शाळांना हरवणाऱ्या आमच्या काळ्या पोरांच्या बास्केटबॉल टीमचा कप्तान. मला सल्लागार नेमलंय. आता सिनेमा खरा होणार.

५ ऑक्टोबर
वर्नेटाने पटकथा वाचून दाखवली. सामन्याच्या वाटेवर गोरा कॅफेवाला टॅगर्ट पोरांना कॅफेतून हाकलतो. मग पश्चात्ताप, डोळे पुसत दार उघडणं, गरम जेवण.
खऱ्या टॅगर्टने आमच्यासाठी फक्त खिडकी उघडली, तीही शिवी द्यायला. पोरं बसमध्ये जेवली. माझ्या हातची तळलेली कोंबडी, बुटांच्या खोक्यांतून. लेम गेला. हे सांगायला मीच उरलेय.
ठराव: उद्या दिग्दर्शकाला सांगायचं. दोन मिनिटांचं काम.

६ ऑक्टोबर
सांगितलं. दिग्दर्शक ग्रेडीने माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं, फार सुंदर आहे म्हणाला. पटलंय त्याला. वर्नेटा म्हणते, आजी, तो 'हो' म्हणालाच नाही. ही पोर जन्माची शंकेखोर.

९ ऑक्टोबर, सकाळी
पटकथेत दार अजून उघडतंच आहे. ग्रेडी म्हणे, प्रेक्षकांना उघडलेलं दार बघायचं असतं. मी म्हटलं, आम्हालाही बघायचं होतं, बाळा. तो हसला. म्हणजे मुद्दा पोचला.

१२ ऑक्टोबर
आता जिभेलाच पटवायचं. चार कोंबड्या ताकात भिजवून तळल्या, खोक्यांत भरून सेटवर नेल्या, सगळ्यांना बसमध्ये बसवून खाऊ घातल्या. लेमचं काम करणारा पोरगा हाड चोखत म्हणाला, मिस ओझेल, बसमध्ये ही असताना लेम कॅफेच्या दारात उभा तरी का राहिला? हा खरा सल्लागार.
ग्रेडी तिसऱ्या तुकड्याला गंभीर झाला. म्हणाला, ही सीनमध्ये हवीच, उद्या आणखी मिळेल का?
जिंकले. वर्नेटा, खाली रेघ मार.

१३ ऑक्टोबर
पहाटे उठून मोठ्या खुशीत तळली. सीन झाला.
दार उघडलं. टॅगर्ट डोळे पुसत आला, हातात ताट, ताटात माझी कोंबडी. पोरं म्हणतात, असं कधी खाल्लं नाही, साहेब. टॅगर्ट म्हणतो, माझ्या आईची पद्धत.
मी खुर्चीत बसून होते. खुर्चीवर माझं नाव लिहिलंय म्हणे.
राजीनामा द्यायचा ठरवलं. कुणाकडे द्यायचा ते कुणालाच माहीत नाही.

१४ ऑक्टोबर
सीन परत घ्यायचाय. चाळीस तुकडे मागितलेत. मी सेटवर पाऊल ठेवणार नाही, वर्नेटा, तूच तळून पाठव. आधी म्हणणार होते, मीठ घालू नकोस, कळू दे टॅगर्टच्या आईला. पण टॅगर्ट एक घास खात नाही. दिवसभर चावत बसतात ती आपली पोरं.
मीठ घाल. तिखट नेहमीइतकं. मांड्या जास्त पाठव, आणि मक्याचा पाव वेगळा बांध, वाफेने भिजतो.