पेशंट हो म्हणेपर्यंत

ती. स्व. गोदाआत्या,

सृष्टीचा वाकून नमस्कार. अर्धवट नाही, पार पायापर्यंत वाकले आहे असं समज. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, म्हणून आपल्या दोघींना पत्रच बरं. तुझा साई वाचून दाखवेलच. (साई, हळू वाच. आणि कंसातलं वाचू नकोस, ते माझं मला असतं. हेही वाचू नकोस.)

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? पाठीवर सरळ झोपता येतं का, की अजून डाव्या कुशीवरच? तळपायाला गुदगुल्या होतात का? ओल्या फडक्याने अंग पुसलं तर लगेच सर्दी होते का? (सहज विचारलं.) इकडे सगळे मजेत. आई चपात्यांची कामं करते, बाबांची खडकीची ड्युटी चालू आहे, आणि आत्या, मी बोलले. दीडशे माणसांसमोर बोलले. हे खरं शेवटी सांगायचं होतं पण माझ्याच्याने राहवेना. आता पहिल्यापासून सांगते.

तुला माहीत आहे, तुझ्या यजमानांनी, म्हणजे उत्तरेश्वर मामांनी, मला चाकणला पॅकिंगला चिकटवलं आहे. मामांचे उपकार आहेत, पण त्या कंपनीत म्हणे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून आपलं नाव सांगायचं असतं. दहावीच्या तोंडी परीक्षेत बाईंनी मला नाव विचारलं होतं, तेसुद्धा तोंडातून निघालं नाही आणि मग मी शाळेतच गेले नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे (साईने सांगितलं). बाबा म्हणाले, त्या नर्सबायकांकडे काम आहे तोवर राहा, ते सुटलं की एक तारखेला चाकण. म्हणून ते काम सुटू नये एवढंच माझं म्हणणं होतं.

काम काय ते सांगते, हसू नकोस. नारायण पेठेत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत एक मंडळ आहे, परिचर्या इतिहास मंडळ. रिटायर झालेल्या सिस्टर एकत्र येऊन पूर्वीची नर्सिंगची टोपी, काचेच्या सुया, एनॅमलची भांडी असं सगळं जपतात, आणि पूर्वी पेशंटचं कसं करायचे ते कॉलेजांत जाऊन करून दाखवतात. दारावर पाटी आहे, ‘आजारी असल्यास दवाखान्यात जावे. येथे फक्त इतिहास आहे.’ अध्यक्ष कल्याणी मॅडम, म्हणजे जुन्या मेट्रन, सगळ्या सिस्टरांच्या वरच्या सिस्टर. आई त्यांच्याकडे चपात्या करते. त्यांनी मला एकदा दारात बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि आईला म्हणाल्या, “ही बोलत नाही? हलतही नाही? मग आमच्या कामाची आहे.” झालं. मी पेशंट झाले.

आत्या, असं काम कुणालाच मिळत नसेल. लोखंडी कॉटवर पडून राहायचं. मग राधा सिस्टर येतात (वय चौऱ्याहत्तर, चालतात माझ्यापेक्षा भराभर) आणि पेशंट पलंगावर असतानाच खालची चादर कशी बदलायची, अंग कसं पुसायचं, ते दाखवतात. त्यांचा एक नियम आहे. पेशंटला सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि पेशंट हो म्हटल्याशिवाय पुढचं करायचं नाही. “बाळ, आता कुशीवर वळवते हं,” असं म्हणून त्या थांबतात. मी मान हलवते. मग वळवतात. इतकं विचारून मला आजवर कुणी काही केलेलं नाही, तू कान टोचलेस तेव्हाही नाही. फक्त पाणी फार गार असतं. ते मात्र मला कधी सांगता आलं नाही.

सगळं छान चाललं होतं आणि मध्ये श्यामसुंदर काका आले. हे मंडळाचे खजिनदार. (ते नर्स नव्हते, त्यांची बायको होती. ती वारल्यावर हे तिच्या जागी आले आणि उठलेच नाहीत.) त्यांचं म्हणणं, जिवंत पेशंट मंडळाला परवडत नाही, पोहे खातो, उद्या लग्न होऊन जाईल, इतिहासाला कायमची वस्तू पाहिजे. आणि एके दिवशी ते रिक्षातून बाई घेऊन आले. म्हणजे बाहुली. त्यांच्या मेव्हण्याचं साडीचं दुकान बंद झालं, तिथली शोकेसमधली. गोरीपान, लाल ओठ, एक हात कमरेवर. मॅडमनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “हिला काय झालंय?” काका म्हणाले, “काहीही होऊ शकतं, तोच तर फायदा आहे.” बाकीच्या सिस्टरांनी मत दिलं, बाहुली जिंकली. मला पडद्यामागे टॉवेल धरायला ठेवलं, तेही परिचारिका दिनाच्या कार्यक्रमापुरतं. घरी बाबांनी माझी चाकणची बॅग माळ्यावरून खाली काढली.

मग बारा मे आला. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत दिल्लीहून आलेल्या पाहुण्या, मागे कॉलेजच्या मुली आणि पेठेतले नेहमीचे लोक, जे पंख्याखाली बसायला कुठल्याही कार्यक्रमाला येतात. स्टेजवर कॉट, कॉटवर बाई. कमरेवरच्या हातामुळे चादरीचा तंबू झालेला. राधा सिस्टर जुनी टोपी घालून आल्या, काय दिसत होत्या, आणि वाकून म्हणाल्या, “बाळ, आता अंग पुसून घेऊ या हं.”

आणि थांबल्या.

बाई काही म्हणेना. राधा सिस्टर हातात ओलं फडकं घेऊन उभ्या. चाळीस वर्षांची सवय, आत्या, पेशंटचा हो आल्याशिवाय हात पुढे जाईचना. त्यांनी पुन्हा विचारलं. कल्याणी मॅडम पहिल्या रांगेतून हळूच म्हणाल्या, “राधा, पुढे चल.” तर राधा सिस्टर म्हणाल्या, “अहो मॅडम, ती हो म्हणाली नाहीये.” तुम्हीच शिकवलंत मला, असंही म्हणाल्या. मग मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, “पेशंट गेलेला दिसतोय.” दुसरं कुणी म्हणालं, “मग चादर तोंडावरून घ्या, आणि चहा सांगा.” लोक हसायला लागले. राधा सिस्टरांनी फडकं पुन्हा पिळलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, “बाळ, पुसू ना?”

आणि मी म्हणाले, “हो सिस्टर, चालेल.”

मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. पण आवाज माझाच होता, जरा घोगरा, बरेच दिवस वापरला नव्हता ना. राधा सिस्टरांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. बाईला म्हणाल्या, “शहाणी गं माझी ती,” आणि कामाला लागल्या. मग त्या विचारतील तसं मी उत्तर देत गेले. पाणी लावलं तेव्हा म्हणाले, “सिस्टर, पाणी फार गार आहे.” (हे तीन महिने पोटात होतं.) राधा सिस्टरांनी बादलीत कोपर बुडवून बघितलं आणि श्यामसुंदर काकांना सगळ्यांदेखत सांगितलं, “काका, गरम पाणी आणा. पेशंट कुडकुडतोय.” काका गेले, आत्या. धावत गेले. पुढे बाईला कुशीवर वळवताना तिचा कमरेवरचा हात खांद्यातून निघून राधा सिस्टरांच्या हातात आला. मी पडद्यामागे डोळे मिटून घेतले. पण राधा सिस्टर शांत. हात उशाशी नीट ठेवला, वर पांघरूण घातलं आणि म्हणाल्या, “काही नाही हं बाळ, होतं असं.” मी म्हणाले, “दुखलं नाही सिस्टर.” हॉल इतका हसला की पंख्याखालचे लोकसुद्धा उठून पुढे आले.

शेवटी दिल्लीच्या पाहुण्या म्हणाल्या, पेशंट को तो बुलाइए. मॅडमनी पडदा ओढला. टॉवेल धरून मी. पाहुण्यांनी नाव विचारलं आणि मी सांगितलं, आडनावासकट. नंतर मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “तुला आता पेशंट ठेवता येणार नाही.” माझ्या डोळ्यांपुढे चाकणची बस उभी राहिली. तर म्हणाल्या, “इतकं बोलणारा पेशंट वॉर्डात चालत नाही. यापुढे तू उभी राहून माहिती सांगायची. आणि दहावी बाहेरून द्यायची, मी विचारत नाहीये.” (राधा सिस्टरांचा नियम मॅडमना लागू नाही.) बाई एकाच हातानिशी दारामागे उभी आहे. काका तिच्यावर छत्री अडकवतात.

मामांना नमस्कार, वासराला माझ्या वाटची थाप. तुझ्या गुडघ्यासाठी राधा सिस्टरांनी शेक सांगितलाय, तो भेटल्यावर.

तुझी,
सृष्टी

ता. क. : बाबा म्हणतात, चाकणचं दाजींनी जमवलंय, मी नाही म्हणू शकत नाही, आक्का बोलली तर बघू. तर आत्या, मामांना तू सांगशील का? त्यांचं जेवण झाल्यावर सांग. बॅग अजून माळ्यावर परत गेलेली नाही.

ता. ता. क. : पुढच्या महिन्यात मंडळ तुमच्या लातूरला येणार आहे, नर्सिंग कॉलेजात. बाई मोडली आणि मी उभी राहणार, तेव्हा पेशंटची जागा रिकामी आहे. मी मॅडमना तुझं नाव सांगून टाकलंय. वर गुडघ्याचं आणि गुदगुल्यांचं विचारलं ते त्यासाठीच. पाणी गरम असेल, ते मी स्वतः बघेन. पोहे असतात.

ता. ता. ता. क. : फक्त ‘हो सिस्टर’ एवढंच म्हणायचं आहे. आत्या, मी तुला ओळखते, म्हणून आधीच हात जोडते. तू जास्त बोललीस तर मॅडम तुलाच माहिती सांगायला उभं करतील, आणि मला परत झोपावं लागेल.