अकरा चाळीसचा फोन

रिसाली, भिलाई
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय समीक्षा,

रविवार, २ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी तू पुण्याहून फोन केलास आणि म्हणालीस, "आई, बाबांना फोन देऊ नकोस हं. मागच्या वेळी मला इतकं ओरडावं लागलं की शेजारची बाई भांडण झालं का म्हणून विचारायला आली. तसंही त्यांना काही कळत नाही, नुसतं हो हो करतात. काय सांगायचं ते तूच सांग." हे तू मला सांगितलंस असं तुला आजही वाटतं. मी यातला एक शब्द ऐकला नाही. सगळं तुझ्या बाबांनी ऐकलं.

तक्रार लिहायची तर आधी तारीख, मग वेळ, मग घडलं ते, आणि विशेषणं सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्थांनी हे छडी घेऊन शिकवलं होतं. विशेषणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. ती सध्या बाजूला ठेवते आणि घडलं ते लिहिते.

सुरुवात तुझ्याचपासून झाली. दिवाळीला दोन दिवस आलीस तेव्हा आपल्या टीव्हीचा आवाज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जातो हे तुला कळलं. निघताना रिक्षात बसता बसता म्हणालीस, "आई, काहीतरी करा बाई याचं." करा म्हणजे मी करा, हे मी समजले. कानातली मशीन आपण दोन वर्षांपूर्वीच घेतली आहे. ती शिट्टी मारते म्हणून चष्म्याच्या जुन्या डबीत झोपली आहे. पद्मनाभपुरच्या कानाच्या डॉक्टरांकडे परत गेले. ते म्हणाले, मशीन पुन्हा जुळवून देतो, तोवर टीव्हीसाठी हेडफोन लावून बघा, पण आवाज निम्म्याच्या वर न्यायचा नाही आणि कानात खुपसायची ती बोंडं तर अजिबात घ्यायची नाहीत, यांचे कान वाहतात. तेव्हा कान पूर्ण झाकणारा, मोठ्या वाट्यांचा हेडफोन घ्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवलं. कुठला घ्यायचा ते मला ठरवायचं होतं.

तुला वाटत असेल आई गेली, आणि दुकानदाराने पुढे ठेवलं ते घेऊन आली. सिविक सेंटरमधल्या त्या दुकानात मी दोन तास होते. अरुणकुमार नावाचा मालक आहे, पन्नाशीचा, सभ्य माणूस. पण त्याने पहिलाच हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि कुठलंसं लग्नाच्या वरातीचं गाणं लावलं. "आंटी, बेस सुनिए, बेस." माझी दातांची कवळी हलली. मी म्हटलं, भैया, मुझे बेस नहीं, बातचीत सुननी है, समाचार लगाइए. तेव्हापासून त्याने माझ्यासाठी बातम्याच लावल्या, आणि मग फरक कळायला लागला. नुसती धमधम करणाऱ्यात माणसाचं बोलणं घागरीतून आल्यासारखं येतं. ज्याचा धमधमाट कमी, त्यात शब्दाला कड असते.

एक स्वस्तातला होता, त्याच्या गाद्या कानाच्या पाळीवरच बसत होत्या. दहा मिनिटांत पाळी दुखायला लागली, आणि चष्म्याची दांडी कानामागे रुतली ती वेगळी. एक मागून जाळीचा होता, हलका, हवा खेळती; पण त्यातला आवाज अरुणकुमारला काउंटरपलीकडून ऐकू येत होता. म्हणजे बाबा बातम्या ऐकणार आणि त्या मीही ऐकणार. मला तेच तर नको होतं. शिवाय माझा मिक्सर चालू झाला की त्यांना तो जाळीतून ऐकू येणार आणि ते आवाज वाढवणार. म्हणून मागून बंद असलेला. बंदवाल्यांत एक फार सुखाचा होता, डोक्यावर आहे हे विसरायला होतं, पण त्याची किंमत ऐकून मी तो हळूच उचलून परत डब्यात ठेवला. शेवटी दोन हजार शंभराचा एक निघाला. अरुणकुमारने दिलेल्या स्टुलावर चष्मा लावून, तो डोक्यावर घेऊन मी अर्धा तास बसून राहिले. येणारी जाणारी गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत. अर्ध्या तासाने कानशिलं दुखली नाहीत. वाट्या कानाभोवती बसत होत्या, कानावर नाही. पट्टी बाबांच्या डोक्याला पुरेल एवढी लांब होत होती. त्यांच्या हेल्मेटचा नंबर कायम सगळ्यात मोठा असायचा. गाद्या मात्र रेक्झिनच्या आहेत, मे महिन्यात घाम येणार. त्यावर मी सुती खोळी शिवल्या आहेत, जुन्या पांढऱ्या बनियनच्या. सुट्ट्या गाद्या मिळतात, ते विचारून घेतलं.

घरी आणला गुरुवारी, ३० ऑक्टोबरला. बाबांनी एकदा बघितला आणि म्हणाले, "मिलमधे चौतीस वर्स नाही घातलं म्या हे, आता घरी घालू काय?" त्यांना वाटलं मी कान झाकायचे मफ आणले. पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये गोंगाट, म्हणून ते सगळ्यांना मिळायचे, आणि बाबांचे कायम लॉकरमध्ये असायचे, कारण मफ घातले तर वरच्या क्रेनची घंटा ऐकू येत नाही असं त्यांचं म्हणणं. खालची माणसं चिरडू नयेत म्हणून कान उघडे ठेवले. शहाणपणा म्हणायचा का मूर्खपणा, मी आता बोलत नाही. तुला तेव्हापासूनचं त्यांचं बोलणं आठवत असेल: निम्मं तोंडाने, निम्मं हाताने. तळवा खाली केला की भात वाढ, मूठ वळली की बस. तू शाळेत भात वाढणाऱ्या मावशींना मूठ दाखवायचीस आणि त्या तुला उद्धट समजायच्या.

तर मफ नाहीत हे पटवायला मी तो त्यांच्या डोक्यावर चढवला आणि माझ्या मोबाइलवर बातम्या लावल्या. आपला टीव्ही जुना, त्याला बिनवायरचं काही जोडता येत नाही, आणि बाबांचा फोन बटनांचा. म्हणून अरुणकुमारने हेडफोन माझ्या मोबाइलला जोडून दिला होता. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला. बाबांनी दोन्ही हातांनी वाट्या कानांवर दाबून धरल्या. मग एकदम मोठ्याने म्हणाले, "कमल, हे बाई बोलता बोलता सास घेते, थेबी आयकू येऊन राहिलं!" आवाज निम्म्याच्याही खाली होता. त्या दिवशी आपल्या घरात कितीतरी वर्षांनी मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. फक्त एक, वाट्या बंद असल्याने त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून चहा मागायचा तर मिलमध्ये मागितल्यासारखा मागतात. तेवढं मी चालवून घेतलं. तीन दिवस माणूस जेवायला बसतानाही तो डोक्यावरून काढायला तयार नव्हता.

मग रविवार आला. बाबा बरणीसमोर बसून कबड्डी बघत होते. तुझा फोन वाजला. नेहमीसारखे ते उठले, मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, "घे, समीक्षाचा," म्हणाले. हेडफोन डोक्यावरच. मी कणकेच्या हाताने बटन दाबलं, मोबाइल कानाला लावला. काही नाही. हॅलो, हॅलो, अगं बोल ना. तू बोलत होतीसच, माझं हॅलो ऐकून मीच ऐकते आहे असं धरून. हेडफोन जोडलेला असेल तर फोनचं बोलणं त्यातच जातं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. अर्धा तास स्टुलावर बसून गाद्या तेवढ्या तपासल्या. मी हॅलो हॅलो करत बाबांकडे बघितलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी हात वर केला आणि मूठ वळली. मी मोबाइल कानावरून खाली घेतला. थोड्या वेळाने तू तुझं सांगून फोन ठेवलास. त्यांनी हेडफोन काढला, वायर नसूनही वायर गुंडाळल्यासारखा हात फिरवला, आणि तो फ्रिजवर ठेवला.

संध्याकाळी तुझा पुन्हा फोन आला तेव्हा मी विचारलं, सकाळी काय म्हणत होतीस? तू म्हणालीस, "काही नाही गं, सहजच." हे सहजच मी लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबांनी मला तुझं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, शेजारच्या बाईसकट. सांगताना त्यांना थोडा अभिमानही वाटत होता की एक शब्द सुटला नाही. "काही कळत नाही" हे म्हणतानाही आवाज तसाच होता.

आता ऐक. ऐकू न येणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या माणसाने तुझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं माहितीपुस्तक रात्रपाळी करून आल्यावर वाचून काढलं आणि कुठल्या कॉलेजात हॉस्टेल आहे ते पेन्सिलीने खुणा करून ठेवलं, त्याला कळत नाही असं म्हणण्याइतकं तुलाच कळत नाही. झाली विशेषणाची जागा. आणखीही होती, पण थांबते, कारण पुढचं मला माझ्याबद्दल लिहायचं आहे आणि ते लिहायला मी चौदा दिवस घेतले.

तुला हे कुणी शिकवलं? मी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडले. कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं म्हणून नोकरी मिळाली, आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला गेला: जोडून दिलं की ऑपरेटरने लाइनवर थांबायचं नाही. बाहेर मी तो कधी मोडला नाही. घरात मी लाइनवरच बसून राहिले. बाबांना दोनदा सांगावं लागतं याचा कंटाळा येऊन मी पहिल्यांदा तुझ्याशी बोलताना म्हटलं, "राहू दे, मी सांगते त्यांना." ते सोपं पडलं. मग सवय झाली. तू माझ्याशी चाळीस मिनिटं बोलायचीस. तुझ्या ऑफिसातला तो खडूस साहेब, नव्या घराचं बघणं, पाठीचं दुखणं, सगळं. फोन ठेवल्यावर बाबा विचारायचे, काय म्हणते? मी म्हणायची, बरी आहे, पाऊस आहे तिकडे. बाकीचं मी माझ्याजवळ ठेवायची. खरं सांगते, मला ते आवडायचं. तू फक्त माझी आहेस असं वाटायचं. त्यांच्याकडे तुझ्याबद्दलचा पाऊस तेवढा जायचा. मग तुझ्याशी बोलायला मिळालं की त्यांनी हो हो नाही तर काय म्हणायचं? त्यांना मागचं काही माहीतच नसायचं.

माझा गुन्हा मी इथे लिहून दिला आहे. तुझा तू लिहून द्यायचा आहेस.

फोनवर हे का नाही सांगितलं, ते आता सांगते: फोनवर पुन्हा आपण दोघीच बोलणार, आणि ते घराबाहेर. ९ तारखेच्या रविवारी साडेअकराला बाबांनी पिशवी घेतली आणि म्हणाले, "तुमी मायलेकी बोला आरामात. मी येतो बजारातून." सव्वाबाराला आले, पिशवी रिकामी. काल १६ तारखेलाही तसंच. काल मी तुझा फोन उचलला नाही, कारण मी मागून गेले होते. बाजारात नव्हतेच ते. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसले होते, घड्याळाकडे बघत, आपल्याला फोनचा वेळ पुरला पाहिजे म्हणून. मला बघून दचकले, म्हणाले, "झालं एवढ्यात? अजून बोलाचं होतं ना." घरी येताना म्हणाले, "थो वापस करून टाक. माल चांगला हाय. पण मले काय करायचंय आता?" अरुणकुमारने महिनाभरात परत घेण्याचं कबूल केलं आहे, ३० नोव्हेंबरपर्यंत. मी तो परत करायचा की नाही, हे तुझ्या उत्तरावर ठरणार आहे. तेव्हा पत्र लिही, पाकिटावर श्री. रामाजी भोयर असं नाव घालून. माझ्या नावाने आलं तर मी न फोडता परत पाठवीन. मराठीत चुका होतील, होऊ देत. हिंदी आली मध्ये तर येऊ दे. माफी दोन ओळींत संपव, त्यांना जास्त झेपणार नाही. उरलेल्यात तुझा साहेब, तुझं घर, तुझी पाठ, जे मला सांगतेस ते सगळं त्यांना सांग, आणि शेवटी लिही की कुठल्या दिवशी किती वाजता तू त्यांना, त्यांनाच, फोन करणार आहेस. त्या वेळी माझा मोबाइल बरणीला टेकवलेला असेल, हेडफोन त्यांच्या डोक्यावर असेल, आणि मी त्या बाकावर जाऊन बसेन. पत्र शनिवार, २९ नोव्हेंबरच्या डाकेने आमच्या दारात पोचलं पाहिजे. फोनवरचं उत्तर धरलं जाणार नाही.

तुझीच, पण या वेळी त्यांच्या बाजूने,
आई