रासा-१७चं नाव

४ सप्टें., जिंतूर
मार्गदर्शक सरांचा फोन. पेपर स्वीकारला. अट एकच: रासा-१७चा मूळ नमुना महिनाअखेरच्या आत संग्रहालयात जमा करून क्रमांक कळवायचा. त्याशिवाय नवी जात म्हणून नाव ग्राह्य नाही. नाव नाही तर प्रबंध नाही, आणि ही मुदतवाढ शेवटची. राणीसावरगावच्या एका कडुलिंबावरची ही बुरशी सात वर्षं धरून बसलेय. हसत कपाट उघडलं. पाकीट होतं, आत काही नव्हतं.

५ सप्टें.
प्रयोगशाळा झाडणाऱ्या शांतामावशींना विचारलं. जराही बिचकल्या नाहीत.
"त्ये खुरावानी अळंबं व्हय? वैदूबाई देती तसलंच हाय की. नातीचं तोंड आलतं, सहाणेवर उगाळून लावलं. दोन दिसांत साफ."
सगळं?
"उरलं ते शेजारणीला दिलं, तिनंबी उगाळून संपवलं. तुमी तर हातबी लावत नव्हताव मॅडम. वाटलं, पडून हाय."
नात ठणठणीत आहे ना, ते आधी विचारलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. चूक माझीच. नमुन्याचा एक भाग वेगळा ठेवा, हे पोरांना दरवर्षी शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

८ सप्टें.
राणीसावरगाव. झाडच नाही. उन्हाळ्यातल्या वादळात पडलं, सरपण झालं. शेतवाल्या काकू म्हणाल्या, "आतून निस्ता भुसा. तुमच्या अळंब्यानंच खाल्लं की." खरं आहे, लाकूड कुजवणं हाच तिचा धंदा.
बांधावरच्या दुसऱ्या लिंबावर तशीच एक मिळाली. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. देवा, तीच असू दे.

९ सप्टें.
ती नाही. बीजाणू लांबट हवे होते, हे गोल. गावोगाव सापडणारी, आधीच नाव असलेली.

१९ सप्टें.
दहा दिवस लिंबं पालथी घातली. काही नाही. फोटो नमुना म्हणून चालत नाहीत.

२२ सप्टें.
सर: "दिसायला सारखी आहे ना? तीच पाठवा. पाकिटात कोण डोकावतंय."
संपादकांना खरं कळवलं तर?
"मग पेपर विसरा."
वय एकेचाळीस. अजून तासिका तत्त्वावर. सरांना नाही म्हणाले नाही.

२८ सप्टें., दुपार
लेबल लिहिलं. रासा-१७, जुनी तारीख, माझी सही. अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचीच भीती वाटली.
नियम मलाच पाठ आहे: नाव वर्णनाला नाही, जमा केलेल्या नमुन्याला चिकटतं. हे पाठवलं तर मी ठेवलेलं नाव या भलत्याच बुरशीचं होणार, आणि कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की रद्द. माझी ती बिननावाचीच राहणार. नाही पाठवलं तरी राहणार, फक्त मग तिच्यासोबत मीही.
कुरियर पाचला बंद होतं, आज गेलं तरच मुदतीत बसेल. चार चाळीस झालेत. पाकीट अजून चिकटवलेलं नाही.