फ्लॅश धरणारीच्या हातात कॅमेरा

१८ ऑगस्ट
सकाळपासून झड. दिवसभरात स्टुडिओत एकच गिऱ्हाईक, पासपोर्टचं. तो फोटो मीच काढला. हे आत लेन्स पुसत बसलेले. एकच लेन्स, या आठवड्यात चौथ्यांदा. संक्रांतीपासून उजवा हात थरथरतो, तेव्हापासून ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलेला नाही. बेळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत.

दु. पायगोंडा अण्णांचा फोन. लावणीच्या फोटोसाठी. अण्णा आणि त्यांचे दोघे धाकटे भाऊ, हातात तंबाखूची रोपं, मागं विहीर. बत्तीस वर्षं दर लावणीला हा फोटो ह्यांनीच काढलाय. यंदा शेवटचा, कारण शेताची वाटणी ठरली.
"मालकास्नी सांगा वैनी, दुसरा कोण नको. गुरुवारी लावण हाय."
ह्यांना सांगितलं. "जमणार न्हाई म्हणून कळव."
कळवलं नाही.

१९ ऑगस्ट
जुने अल्बम काढले. पहिल्या लावणीचा फोटो सापडला. लग्नाला चार महिने झालेले. सकाळचे अकरा, पण आभाळ इतकं भरलेलं की अण्णांचं तोंड ओळखू येईना. गावातले बाकीचे फोटोग्राफर आभाळ आलं की बॅग आवरायचे. ह्यांनी फ्लॅश कॅमेऱ्यावरनं काढला, लांब वायर जोडली, काठीला बांधून माझ्या हातात दिला. "अण्णांच्या डावीकडं उभी ऱ्हा. वर धर. आजचं ऊन तुझ्याकडं." नवी नवरी भाळली, दुसरं काय!

फ्लॅश समोरनं मारला की तोंडं पिठूळ येतात. बाजूनं, वरनं मारला की ढगाळ दिवसातही उन्हाची तिरीप पडल्यासारखं वाटतं. हे मी त्या दिवशी शिकले. फ्लॅशवर प्लास्टिकची पिशवी होती, माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं. घरी येऊन तीन दिवस शिंकले. तेव्हा राग आलेला. आज तो फोटो बघून रडू आलं. फार चांगले दिवस होते ते.

२० ऑगस्ट
पाऊस थांबायचं नाव नाही. जेवताना सरळ विषय काढला. फोटो मी काढते, तुम्ही फ्लॅश धरा.
"म्या? दांडी धरू?"
"मी बत्तीस वर्षं धरली. मला काय कमीपणा आला?"
हळूच, "हात हलतोय गं."
"फ्लॅश पापणी लवायच्या आत विझतो, तुम्हीच शिकवलंत. तेवढ्यात कितीसा हलणार?"
हसले. संक्रांतीनंतर पहिल्यांदा. संध्याकाळी बघते तर फ्लॅशचे सेल चार्जिंगला लावलेले. मी लावले नव्हते.

२१ ऑगस्ट
स्कूटरवर मी पुढं, हे मागं दांडी कवटाळून. रस्त्यात दोघांनी विचारलं, मासे धरायला का?

रानात चिखल, दुपारी बाराला दिवेलागणीचा उजेड. अण्णा आणि धाकटा जिनगोंडा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मधला भाऊ दोघांच्या मध्ये भिंतीसारखा उभा. मागची विहीर जरा काळोखी ठेवली, तोंडांवर फ्लॅश. "थोडा वर घ्या. अजून. डावीकडं." जन्मात पहिल्यांदा ह्यांना हुकूम सोडले. बरं वाटलं. दांडी हलत होती, पण मी तिकडं बघितलं नाही.

आठ फोटो काढले आणि आठही वेळा माझे डोळे मिटले! फ्लॅश धरणारीची खोड. उजेड अंगावर येतो म्हणून उडायच्या आधीच डोळे बंद करायचे. बत्तीस वर्षांची सवय, कॅमेरा हातात आला म्हणून थोडीच जाते. त्यात सर आली, स्क्रीनवर पाणी, काही दिसेना.
"आला व्हय चांगला?" अण्णा.
"आला," मी म्हणाले. मला काय ठाऊक? परत लावण नाही, परत तिघं एका रानात उभे राहणार नाहीत. आणि ह्यांना पुन्हा बाहेर पडायला लावायची माझीही हीच एक संधी.

२२ ऑगस्ट
कॉम्प्युटरवर लावले. पहिले सहा तसेच, तीन पुतळे.
मागनं हे म्हणाले, "सातवा लाव."
सातवा. मधल्याच्या पाठीमागनं अण्णांचा हात जिनगोंडाच्या खांद्यावर. जिनगोंडा कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये, त्या हाताकडं बघतोय. आठव्यात हात परत खाली.
"तुम्हाला कसं माहीत?"
"बघितलं की म्या." जरा थांबून, "बटण दाबलं की कॅमेऱ्यात अंधार होतो बघ, क्षणभर. एवढी वरसं फोटो काढलं, पर ज्या क्षणाचा काढला, त्यो क्षण मला कवाच दिसला न्हाई. काल दिसला."
ह्यांना अंधार, माझे डोळे मिटलेले. म्हणजे इतक्या लग्नांतलं, लावण्यांतलं ते नेमकं आम्ही दोघांनीही कधी बघितलंच नव्हतं. आधी हसलो. मग मी रडले, हे पाठीवर थोपटत राहिले, थरथरत्याच हातानं.

२४ ऑगस्ट
सातवा फोटो अण्णांना मोबाइलवर पाठवला. फोन केला, "तीन प्रती काढू ना? तीन घरांत तीन."
पलीकडनं पावसाचा आवाज.
"थांबा वैनी. जिनूला इचारून सांगतो." अण्णा 'जिनू' म्हणाले. दोन वर्षांनी.
अजून फोन नाही. एक काढायचा का तीन ते कळेपर्यंत फोटोचा कागद तसाच ठेवलाय.

दु. पुन्हा अंधारून आलं. हे कॅमेरा घेऊन बाहेर आले, मला खिडकीशी बसवलं. फ्लॅश माझ्याच हातात दिला. कॅमेरा डोळ्याला लावला, हात चांगलाच हलत होता.
"डोळं उघडं ठेव."
ठेवले. फ्लॅशच्या उजेडात ह्यांचा हात दिसला, एकदम स्थिर.
फोटो कसा आलाय, दोघांनीही अजून बघितलेलं नाही.