बडीशेपेच्या वासाचा घागरा

तीर्थस्वरूप ओब्दुलियामावशीच्या चरणी,

देर्लिसने दोन्ही हात जोडून आशीर्वाद मागितला आहे. तो आधी दे आणि मगच पुढे वाच. (हात खरंच जोडले होते. घरमालकीण फेलिपाबाई दारातून डोकावल्या, त्यांना वाटलं मी जेवणाआधीची प्रार्थना करतोय, म्हणून त्या बिचाऱ्या ताट वाढायला गेल्या. मी काही नको म्हटलं नाही.) तुझा गुडघा कसा आहे? आईने दिलेलं मलम लावतेस, की ते अजून पोपटाच्या पिंजऱ्याशेजारी शोभेला ठेवलं आहेस? काकांना ऐकू येऊ लागलं का, की फक्त तू बोलत असतानाच येत नाही? फोन केला तर तू "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस, आणि आईने सांगितलेली हकीगत तुला कधीच पुरत नाही. शिवाय धर्ममाता म्हणून माझ्या बाप्तिस्म्याला तूच मला हातात धरलं होतंस, तेव्हा माझं काय झालं हे सविस्तर कळण्याचा पहिला हक्क तुझा. म्हणून हे लांबलचक पत्र.

बाबांची अट तुला ठाऊकच आहे, कारण ती घातली गेली तेव्हा तेरेरेचा थंडगार काढा ओतायला तूच मध्ये बसली होतीस. तिसऱ्या वर्षाचं प्रदर्शन ते स्वतः येऊन बघणार, त्यात काही अर्थ दिसला तर शेवटचं वर्ष, नाही तर लगेच घरी इताउग्वाला परत आणि आपल्या मांसाच्या दुकानात हातात सुरी. मावशी, मला त्या सुरीची भीती वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगतो, पण वाटते. तिथे आपली पेर्लाताई एका घावात हाड तोडते. मी तेच हाड तोडेपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून खरेदी करून घरी जाऊन रस्सा शिजवून मोकळं होतं. आणि भीतीचं सोड, मला हेच करायचं आहे. न्यांदुतीची ती कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस विणताना मला जेवणाची आठवण राहत नाही, आणि माझी भूक तुला माहीत आहे. तेव्हा या प्रदर्शनावर माझं सगळं अवलंबून होतं.

आता विद्यापीठाबद्दल. तू मला शिकवलंस तेव्हा म्हणालीस, हे पेरूचं फूल, हे मुंग्यांचं वारूळ, हे कोंबडीचं पिल्लू, आता कर. इथे तसं चालत नाही. इथे आधी संकल्पना लागते. आमच्या मिर्ना मॅडम चौकटीसमोर उभ्या राहून चष्मा वर करतात आणि विचारतात, "देर्लिस, तुझं हे काम कुठला प्रश्न उभा करतं?" मी म्हटलं, मॅडम, हे काही उभं करत नाही, आमच्याकडे हे टेबलावर गुमान पडून असतं. वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. (वर्गात मी सोडून सगळ्या मुली आहेत. पहिल्या वर्षी त्यांना वाटायचं मी वीजदुरुस्तीला आलोय. आता त्या मला आपल्यातलाच धरतात, म्हणजे माझ्यासमोर मुलांची मनसोक्त निंदा करतात.) लेतिसियाने फाटक्या मच्छरदाणीचा झगा केला, त्याची संकल्पना "शहराची झोप". दुसरीने काहीच केलं नाही, तिची संकल्पना "अभाव", आणि तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. मी आपला वर्षभर एक घागरा विणत बसलो. तुझी सगळी फुलं त्यात घेतली, आणि काठाला, अगदी समोर, तुझं ते एक पाकळी जास्त असलेलं पेरूचं फूल, जे तू फक्त आपल्या माणसांसाठी करतेस. संकल्पनेच्या रकान्यात मी "नंतर सांगतो" असं लिहिलं होतं.

नोव्हेंबरात व्हायचं प्रदर्शन आधी संपामुळे आणि मग छप्पर गळल्यामुळे लांबत लांबत ईस्टरच्या आठवड्यात येऊन पडलं. सगळ्या अनर्थाचं मूळ हेच. तुझ्याकडून दोन पुड्या आल्या. (आपल्याकडचं काहीही असो, बसवाला सिरिलो बाबांच्या दुकानावर उतरवतो नि दुकानावरूनच उचलतो. माझं अर्धं शिक्षण त्या दुकानाच्या फळीवरून आलंय.) एका पुडीत खळीसाठी कसाव्याच्या कंदाचं शुद्ध पीठ, आणि दुसरीत फेलिपाबाईंना सणाची भेट म्हणून तुझं चिपाचं तयार पीठ, म्हणजे तेच कसाव्याचं पीठ, पण चरबी, वाळवून किसलेलं चीज, मीठ आणि बडीशेप घालून मळलेलं, की नुसतं अंडी-दूध घालून पावाची कडी वळावी नि भट्टीत सरकवावी. दोन्ही पुड्या सारख्याच कापडाच्या, सारख्याच गाठीच्या. मावशी, तुला दोष देत नाही. पण एकीवर एखादं फडकं बांधलं असतंस तर काय बिघडलं असतं?

मी फेलिपाबाईंना एक पुडी मोठ्या अदबीने दिली आणि दुसरीची खळ शिजवली. गुठळ्या झाल्या. मला वाटलं, यंदाचा कसावा ओला असेल. गाळून गुठळ्या कोंबड्यांना टाकल्या, त्या कोंबड्यांनी माझ्याकडे अशा प्रेमाने पाहिलं की मला तिथेच शंका यायला हवी होती. मग चौकटीवर ताणलेल्या कापडावरच्या सगळ्या लेसला हात सैल सोडून खळ दिली आणि अंगणात उन्हात ठेवली. थोड्या वेळाने असा काही खमंग वास सुटला की विचारू नकोस. पण त्या आठवड्यात अख्ख्या देशाला चिपाचा वास येतो, गल्लीतल्या प्रत्येक भट्टीतून धूर निघत होता, तेव्हा माझ्या मनात घागऱ्याचा विचार कसा येणार? मला वाटलं फेलिपाबाईंची भट्टी लागली. फेलिपाबाईंना वाटलं मी चोरून कुठेतरी भाजतोय. दोघंही पाहुणचाराची वाट पाहत अंगणात समोरासमोर बसून राहिलो, तोंडाला सुटलेलं पाणी गिळत, हवेच्या उकाड्याबद्दल बोलत. लेस वाळली ती सोनेरी, तुकतुकीत आणि अशी कडक की कापडापासून कापून काढली तेव्हा घागरा माझ्या आधाराशिवाय खोलीत उभा राहिला. मी मनात म्हटलं, मावशीच्या पिठाला तोड नाही.

(फेलिपाबाईंनी त्यांच्या वाट्याच्या शुद्ध खळीच्या चिपा केल्याच. मला दोन दिल्या. मी त्या त्यांच्या देखत, हसतमुखाने, दाताची पर्वा न करता खाल्ल्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या मावशींचा हात जरा साधा आहे, नाही?" मी मूग गिळून बसलो, कारण तोंडात चिपा होती.)

प्रदर्शनाच्या दिवशी विद्यापीठाच्या अंगणात आई आणि बाबा पहिल्या रांगेत. बाबांनी लग्नाकार्यातला सदरा घातला होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दंतवैद्याकडे बसावं तसे बसले होते. मच्छरदाणी गेली, अभाव गेला (रिकाम्या अंगणाला लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी माझ्याकडे पाहिलं), आणि मग माझा घागरा घालून लेतिसिया आली. ऊन रणरणत होतं. घागरा तापला. तशी रांगेरांगेतून नाकं वर होऊ लागली. एक म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "बघ गं, उपाहारगृहात गरम चिपा आल्या वाटतं, पटकन घेऊन ये, संपतील." पाच-सहा माणसं उठून खरंच गेली. मला तेव्हा कळलं, मावशी. सारख्याच गाठीच्या त्या दोन पुड्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

विद्यापीठात एक कुत्रा आहे, त्याला सगळे मंत्री म्हणतात, कारण तो कधी काही करत नाही. त्या दिवशी त्याने केलं. तो शांतपणे लेतिसियाच्या मागे चालू लागला, मग शेजारी, मग समोर येऊन त्याने घागऱ्याचा काठ तोंडात धरला आणि कुर्रकन आवाज झाला. लेतिसिया गुणी मुलगी, ती चेहऱ्यावरचं हसू न हलवता दातांतल्या दातांत म्हणाली, "देर्लिस, मेल्या, हा मला खातोय." मी पुढे झालो तर मिर्ना मॅडमचा चष्मा वर. "थांब. आधी सांग. ही संकल्पना काय आहे?"

 आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. मला वाटलं, संपलं, आता कानाला धरून थेट बसमध्ये. ते चालत आले, खाली वाकले, मंत्र्याच्या तोंडातून काठाचा तुकडा सोडवून घेतला, नाकाशी धरला आणि दुकानातल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बडीशेप जरा जास्त झालीय." मग मॅडमकडे वळून, "बाई, आमच्याकडे ज्या पिठाने बायका पोरांना जेवू घालतात त्याच पिठाने लेस उभी करतात. पोराने दोन्ही एकत्र केलंय. यात समजायला अवघड काय आहे?"  मॅडमनी चष्मा काढला, पुसला, आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या. मला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त गुण पडले, अभावापेक्षासुद्धा. मावशी, गुणांचं मला काही नाही. बाबा माझ्या बाजूने चार माणसांत बोलले. मी मुताऱ्यांच्या मागे जाऊन रडलो, आणि ते तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

जाताना बाबा एवढंच म्हणाले, "शेवटचं वर्ष नीट कर." तो तुकडा त्यांनी खिशात टाकला होता. (बसमध्ये खाल्ला असणार.) तर असं सगळं छान झालं, तुझी फक्त आठवण आली. काकांना नमस्कार, पोपटाला शिव्या शिकवू नकोस.

तुझा लेक,
देर्लिस

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. राजधानीतल्या मोठ्या प्रदर्शनासाठी घागरा निवडला गेलाय, "वासासकट" अशी अट आहे. पण घागऱ्याचा खालचा घेर मुंग्यांनी नेला. लेस मी पुन्हा विणतोय. तू मात्र तेच पीठ, तस्संच, लवकर पाठव. बडीशेप कमी.

ता. क. दुसरी गोष्ट, आणि खरं तर याचसाठी पत्र. बाबांना वाटतंय ही माझीच कल्पना होती. त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय. पेर्लाताई मात्र मांस तोलता तोलता म्हणाली, "याला डोकं असतं तर आधीच दिसलं असतं. मावशीला विचारा, पीठ तिनेच बांधलंय." म्हणून रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर बाबा तुझ्याकडे येणार आहेत. मावशी, तुला खोटं बोलवत नाही हे मला माहीत आहे. तू फक्त म्हण, "पोराने मागितलं, मी पाठवलं." ते तर खरंच आहे. नाही तर माझं वर्ष गेलं आणि हातात सुरी आली.

ता. क. पाकिटाचा डिंक संपलाय, उरलेल्या खळीने चिकटवतोय. सिरिलोला बजावलंय की हे पत्र तुझ्याशिवाय कोणाच्याही हातात द्यायचं नाही.

अक्का, मी एलादिओ, देर्लिसचा बाप, त्याच्याच पत्राखाली लिहितोय. सिरिलोने नेहमीसारखं दुकानावर टाकलं. पाकीट उघडंच होतं, चीज घातलेल्या खळीने कुठे चिकटायला. वाचलं. मला पहिल्या वासालाच कळलं होतं, तुझ्या हातची चिपा मी लग्नाच्या आधीपासून खातोय. पोराला सांगू नको. रविवारी मी पेर्लासमोर विचारीन, तेव्हा तो म्हणतो तेच सांग. दुकान पेर्लाच बघेल, तिला हवंच होतं, मीच कधी विचारलं नाही. आणि तो तुकडा मी खाल्ला नाही. त्यावर तुझं जादा पाकळीचं फूल होतं, आमच्या लग्नात हिच्या डोक्यावरच्या जाळीत होतं तेच. कुत्रा नेमकं तेच खात होता म्हणून मी उठलो. आता ते दुकानात देवाच्या तसबिरीला लावलंय. मुंग्या येतात. येऊ देत.