भर दुपारची हाक

॥ श्री ॥
वरची वाडी, ता. मुळशी
२ ऑक्टोबर १९६५

चि. सौ. साळूबाईस कुशाबाचे अ. उ. आ.

हितं आमी दोघं खुशाल. पाव्हण्यांची आन पोरांची खुशाली कळव. लढाई थांबली म्हंत्यात, मग तुमच्या खडकीतल्या खिडक्यांचा काळा कागद काढला का अजून अंधारातच जेवताय? तुजी वहिनी म्हणती, वन्संनी अंधारात आमटीऐवजी चहाच वाढला आसंल.

पाऊस लवकर गेला. भात पोटरीत आलं आन तितंच वाळलं. नाचणी, वरी बरी हाय, पण फुडचं साल वंगाळ जाणार हे मला पायाखालच्या ढेकळात दिसतंय. म्हणून घर बंदोबस्ताला घेतलंय. अंगणाचा दगडी गडगा छातीएवढा चढवला, त्यावर कुंपणाच्या शेराच्या फांद्या रवल्या. मागच्या दाराला सागाचा नवा अडसर केलाय. माजघरात आडभिंत घालून तिच्याआड दोन कणग्या लपवल्यात, बाहेरच्याला कळायचं न्हाई. मीठ, कुळीथ, घाटाखालनं आलेलं सुकट, राकेल, काड्याच्या पेट्या, समदं भरून ठेवलंय. त्रेचाळीस साली आपली जी गत झाली ती परत व्हऊ देणार न्हाई.

एक इच्यारायचं व्हतं. भर दुपारी, दार लावून आमी जेवायला बसलो की दारात बाईमाणूस हाक मारतंय. वाईच पीठ घाल गं, म्हणतंय. दार उघडलं की कुणी न्हाई. तुज्या वहिनीला, तुळजाला, आयकू येत न्हाई. कुत्रं मान वर करत न्हाई. त्या साली लेकरू घिऊन आली व्हती ती धनगराची बाई तुला आठवती का? तू तिला शेरभर नाचणी दिली व्हतीस, व्हय ना? तेवढं लिव.

पोरांना पापा. माया पातळ व्हऊ देऊ नगं.
तुजा दादा, कुशाबा

---

॥ श्री ॥
खडकी
१४ ऑक्टोबर १९६५

ती. दादांस साळूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काळा कागद गेल्या आठवड्यातच काढला. खिडक्यांच्या काचा इतक्या दिवसांनी बघून धाकटा विचारत होता की आई, हे घर कुणाचं. वहिनीला सांग, चहा नव्हे, मी एकदा अंधारात भातावर दूध समजून ताक ओतलं होतं, आणि सगळ्यांनी निमूट खाल्लं.

इकडे धान्य वाचवायला सोमवारी संध्याकाळी चूल पेटवायची नाही असं आमच्या सगळ्या चाळीनं ठरवलंय. रेशनला लाल मिलो ज्वारी मिळते. भाकरी काही केल्या थापली जात नाही, हातातच फुटते. त्यामुळे तू भरून ठेवतोयस ते ऐकून बरंच वाटलं.

पण दादा, कानाचं दुखणं अंगावर काढू नकोस. गडग्याचे दगड उचलून ऊन लागलं असेल, डोक्यात रक्त चढलं की कान वाजतात. पौडला डॉक्टर बसतात त्यांना दाखव. लसूण घातलेलं तेल कोमट करून दोन थेंब कानात सोडत जा. वाटलं तर चार दिवस इकडे ये.

वहिनीला नमस्कार. आमच्यावरची पाखर आहे तशीच असू द्यावी.
तुझी साळू

---

॥ श्री ॥
वरची वाडी
२० जानेवारी १९६६

सौ. साळू वन्संस तुळजाबाईचा न. वि. वि.

हे पत्र शाळेतले गुरुजी लिवत्यात. त्यांस्नी सांगितलंय, मी बोलते तसंच लिवा, सुधारू नगा.

वन्सं, घरात ऱ्हायचं मला भ्या वाटाया लागलं हाय. तुमच्या दादानं मागलं दार दगडमातीनं चिणून टाकलं. खिडकीला फळ्या ठोकल्या. आता दिवसा चूल पेटली की धूर आतच फिरतो आन माजे डोळे सुजत्यात. मागल्या आठवड्यात वाटसरू पाणी मागाया आला, तर काठी घिऊन अंगावर गेले. मग दिवसभर अंगणात उकिडवे बसून ऱ्हायले.

आन दुसऱ्या बाजूनं काय, तर रोज दुपारी मूठभर नाचणीचं पीठ पानावर घिऊन गडग्यावर ठिवत्यात. वाऱ्यानं उडतं, साळुंक्या खात्यात. सांजला पान उचलून आणत्यात आन म्हंत्यात, ती घेत न्हाई. परवा मी ओरडले, कोण घेत न्हाई? तर म्हनाले, साळूनं तिला दिलं व्हतं तर ती परत का मागती?

त्या साली मी माहेरी व्हते, मला ठावं न्हाई काय झालं ते. तुमचं पत्र आलं तवा दोनदा वाचून त्यांनी घडी घातली आन म्हनाले, हिनं तेलाचं लिवलं, माज्या इच्यारण्याचं न्हाई लिवलं. वन्सं, तुमास्नी काय ठावं आसंल ते लिवा. वाईट आसलं तरी चालंल. मला ह्या बंद घरात आता दम निघत न्हाई.

तुमी माज्या पाठच्या भणीसारख्या, म्हणून हक्कानं मागते.
तुमची वहिनी, तुळजा

---

॥ श्री ॥
खडकी
३ फेब्रुवारी १९६६

ती. दादांस साळूचा सा. न. वि. वि.

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं. आता फाडणार नाही.

मी तिला काही दिलं नव्हतं.

त्या दुपारी आई तापात पडलेली. घरात टोपल्याच्या तळाला नाचणी होती, तिची पेज आईला द्यायची म्हणून मी चुलीवर आधण ठेवलं होतं. ती दारात आली. म्हणाली की पोरी, तुझ्या दादानं वर जा म्हणून सांगितलंय, वाईच पीठ घाल गं, लेकराच्या तोंडाला लावते. मी आत कडीवर हात ठेवून उभी राहिले. तू सकाळी शेतावर जाताना बजावलं होतंस की कुणालाही दार उघडू नको, आणि आता तीच सांगत होती की तू पाठवलंय. खरं काय ते मला कळेना. पण दादा, मी तुझ्यावर ढकलत नाही. मला टोपलं दिसत होतं. मी टोपल्याकडे बघितलं आणि कडी सोडली नाही.

तिनं पुष्कळ हाका मारल्या. मग पायरीवर बसली असावी, कारण आवाज खालून यायला लागला. लेकरू एकदाही रडलं नाही. शेवटी ती लेकराला म्हणाली की घरात कुणी नाही गं, चल. दादा, कौलांतून आमचा धूर निघत होता. तो तिला दिसत होता. मी आत आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ती तसं म्हणाली, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. मला शरमिंदं न करता ती गेली.

संध्याकाळी तू विचारलंस, आणि मी म्हटलं की शेरभर दिली. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीत ती सापडली. तिच्या पोटाखाली ऊब धरून लेकरू जिवंत होतं, ते धनगरवाड्यावरचा धुळा घेऊन गेला. आठव्या दिवशी आपली आईही गेली. टोपल्यात तेव्हा अजून नाचणी होती.

बावीस वर्षं मी कुणाला दारातून परत पाठवलेलं नाही. चाळीतल्या बायका हसतात. त्यानं काही फिटत नाही हे मला कळतं. हाक मला ऐकू यायला हवी, तुला का येते?

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. वहिनीसाठी तरी दार मोकळं कर.
साळू

---

॥ श्री ॥
वरची वाडी
६ जुलै १९६६

चि. सौ. साळूबाईस कुशाबाचे अ. उ. आ.

पाच म्हयनं तुला उत्तर धाडलं न्हाई. रागानं न्हवं. तू खरं लिवलंस, आता मलाबी लिवावं लागणार, म्हणून.

त्या दुपारी मी शेतावर न्हवतो. गोठ्यात व्हतो.

ती मला खालच्या वाटंला भेटली. तोंडावर न्हाई म्हणवंना, म्हणून वर घराकडं जा म्हनालो. तू दार उघडणार न्हाईस हे मला ठावं व्हतं, सकाळी मीच बजावलं व्हतं. म्हंजे तिला परत लावायचं काम मी चवदा वर्साच्या पोरीवर टाकलं. आन मग आडवाटेनं तिच्या म्हागनं येऊन गोठ्यात म्हशीच्या आड उभा ऱ्हायलो. समद्या हाका म्या आयकल्या. ती पायरीवर बसली तवा तिची पाठ मला दिसत व्हती. गेली तवा सुटल्यासारखं वाटलं. सांजला तू शेरभर दिली म्हनालीस, तवा खोटं हाय हे मला ठावं व्हतं, आन ते खोटं मला लई ग्वाड लागलं. गुदस्ता तुला इच्यारलं ते, तू परत एकदा दिली म्हणावंस म्हणून. तू कानात तेल सोडाया सांगितलंस. माज्यासारख्याला तेच पायजे व्हतं.

तुजं पत्र आलं आन म्या पहारीनं आडभिंत पाडली, मागलं दार मोकळं केलं. तुळजा रडली आन मग लगेच धुळीवरनं भांडली. तिला समदं सांगितलं. आठ दिस गेले. मग तीच म्हनाली, धनगरवाड्यावर चला.

ते लेकरू म्हंजी तुकाबाई. धुळाच्या बायकूनं नाव ठिवलं. आता दोन पोरांची आई हाय. आमी गेलो तवा शेळीची धार काढत व्हती. म्या उभ्यानंच सांगितलं, काय सोडलं न्हाई. तिनं धार थांबवली न्हाई. समदं झाल्यावर इतकंच इच्यारलं, आईचं नाव काय व्हतं. साळू, वाड्यावर कुणालाच ठावं न्हाई. ती बाई घाटाखालची, मेंढरं मरून तिची माणसं फुडं गेल्याली, ती एकटी म्हागं ऱ्हायलेली. पण मला वाटंला भेटली तवा तिनं नाव सांगितलं व्हतं. बानू. बावीस वर्सं म्या तेबी कुणाला दिलं न्हाई.

तुकाबाई ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात म्हनाली. मग आमास्नी जावा म्हनाली.

उन्हाळ्यात वाड्यावरचं धान्य सरलं. म्या नाचणी पोचवली तर तिनं परत धाडली. मिरुग झाल्यावर मातुर आपणहून आली, पोरांना घिऊन. दुपारचं, दारात. म्हनाली, आई जितं बसली ती पायरी दावा. बसली. आन खरं सांगतो, म्हागनं हाक आलीच. तिनं माज्या तोंडाकडं बगितलं आन म्हनाली, आता बोलती का ती? म्या व्हय म्हनालो. तिला काय आयकू येत न्हवतं. पोरांना गप करून कान लावून बसली, सावली फिरेतोवर.

आता वाड्यावरची तीन घरं आमच्यातनं नाचणी न्हेत्यात. एक कणगी सरली. औंदा श्रावण अधिक, दोन श्रावण काढायचे हायेत. पुरंल का न्हाई सांगवत न्हाई. हाक रोज येत न्हाई, पण येती. आता मी जेवता जेवता उठून बाहेर बसतो, एवढंच.

तुकाबाईनं निरोप दिलाय. म्हणती, तुमी लांब गोठ्यात व्हता, तुमची भण दाराशी व्हती. आईचा आवाज कसा व्हता ते तिलाच नीट ठावं. तिला इच्यारून सांगा.

आपण दोघं एका दारातली. तोडू नगं.
तुजा दादा, कुशाबा

---

॥ श्री ॥
खडकी
१६ जुलै १९६६

ती. दादांस साळूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर तुझा राग राग केला. मग ती पायरीवर बसलेली आणि तू म्हशीच्या आड, असं डोळ्यांपुढे आलं, आणि आपण दोघं इतकी जवळ होतो याचंच भय वाटलं.

आवाज कागदावर लिहिता येत नाही. घोगरा होता, नुकतंच झोपेतून उठलेल्या माणसासारखा, आणि गं म्हणताना लांबवायची. तिच्यासारखं बोलून दाखवायला जमेल मला. बावीस वर्षं डोक्यात तेच म्हटलंय. म्हणून गुरुवारच्या एसटीनं पौडला येते. न्यायला येऊ नकोस, पावसात का होईना, चालतच वर यायचं आहे.

एक गोष्ट त्या पत्रातही लिहिली नव्हती. दाराखालच्या फटीतून तिचे पाय दिसत होते. चिखलानं भरलेले. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. मी येईपर्यंत तुकाबाईला एवढं सांग. ती आपल्या पायाकडे बघेल.

वहिनीला नमस्कार. मला घरात घ्याल तेवढा लोभ पुरे.
साळू